‘भरा’ म्हणणारा माणूस

मनोहर, तुला हिर्लेकरने फसवलं.

स्मरणिकेतल्या लेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. भिलाईच्या आपल्या मराठी मंडळाने माझ्याकडे दोन पानं मागितली ती तुझ्या शांत स्वभावाबद्दल, गणपतीत तू लिहिलेल्या फलकांबद्दल. ते बाकीचे लिहितील. तू कुठला, काय शिकलास, पोलाद कारखान्यात कोणत्या विभागात होतास, हेही तेच लिहितील. मला एवढंच लिहायचं आहे की ज्या माणसाने तुला एक गोष्ट करायला सांगितली, त्यानेच भरल्या सभेत ती गोष्ट केल्याबद्दल तुला दोषी ठरवलं, आणि तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. ही स्मरणिका माझ्याच प्रेसमध्ये छापली जाणार आहे. माझी पानं गाळावीत असं कोणाला वाटलं, तर त्याने आधी खुर्सीपारला येऊन माझ्याशी बोलावं.

तू असतास तर हा लेख आधी तुझ्याकडे आला असता. माझं प्रत्येक भांडणाचं पत्र तुझ्याकडून तपासून जायचं. कागदवाला असो, शाईवाला असो, मी रागात लिहायचो आणि तू कागदाच्या रिमावर बसून लाल पेन्सिल चालवायचास. मग कागद माझ्याकडे सरकवायचास. “घे किसन्या. शिव्या काढल्या, मुद्दा ठेवला.” पंचवीस लोकांशी माझी भांडणं झाली असतील, त्यातली अर्धी मी जिंकलो ती तुझ्या पेन्सिलीमुळे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. आणि आता ती पेन्सिल नाही, तेव्हा जे राहील ते राहील.

परवाच्या शोकसभेने मला हे लिहायला बसवलं. हिर्लेकर भोपाळहून खास आला होता. तुझ्या फोटोला हार घातला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “मनोहर प्रतिभावान होते यात शंका नाही. थोडे नियमात राहिले असते, तर फार पुढे गेले असते.” वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तुझा कारखान्यातला जुना साहेबही होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, शोकसभेत डोलावतात तशा. मी उठलो. मंडळाच्या सचिवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, किसनभाऊ, आज नको. मी बसलो. तुझा फोटो समोर होता आणि तू मेल्यावरही नियमाबाहेरचाच राहिलास.

कोणता नियम, हे वाचणाऱ्यांना कळायला हवं. तू मला समजावलं होतंस तसंच लिहितो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. क म्हणजे कितवा नंबर, ख म्हणजे कितवा, हे आधी ठरवावं लागतं. ज्याने त्याने आपापलं ठरवलं तर एका मशीनवर लिहिलेलं दुसऱ्यावर वाचता येणार नाही. म्हणून एक समिती बसली आणि तिने देशभरासाठी एक तक्ता केला. अमुक नंबरवर अमुक अक्षर. त्याला म्हणतात मानक. हिर्लेकर त्या समितीत होता. त्या तक्त्याच्या शेवटी काही नंबर कोरे सोडले होते आणि खाली एक इंग्रजी ओळ होती. तू तिचं मराठी मला करून सांगितलंस: ‘या जागा वापरासाठी मोकळ्या ठेवल्या आहेत.’ बस. पुढे काही नाही.

आता आपण दोघं कुठून आलो, ते पाहा. दोघंही गोंदियाकडचे, दोघंही पोरवयात नागपूरला एकाच छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. तू रात्रशाळेत शिकून कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात गेलास, मी भंगारातून मशीन उचलून स्वतःची प्रेस टाकली. पण हात दोघांचेही कंपोझिटरचेच राहिले. आणि कंपोझिटरच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या त्या लाकडी ताटात, काही खण रिकामे असतात. ते कोणाचे? कोणत्याही छापखान्यात जाऊन विचारा. ज्या खणाला खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने अक्षर दिलेलं नाही, तो खण त्या छापखान्याचा. लग्नपत्रिका जास्त असतील तर तिथे ‘श्री’ भरायचे. पंचांग असेल तर ग्रहांची चिन्हं. आपला फोरमन एका खणात सुपारी ठेवायचा आणि तिला कोणी हात लावायचा नाही. रिकामा खण म्हणजे काम करणाऱ्याचा हक्क, हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते आपल्या हातातच होतं.

तेव्हा तो तक्ता पाहिल्यावर तुझे डोळे का चमकले, हे मला लगेच कळलं. तुझा शब्दसंग्रह त्यावर अडला होता. कारखान्यातले लोक बोलतात ते शब्द तू गोळा करत होतास. बालाघाटचा, भंडाऱ्याचा, दुर्गचा, बिहारचा माणूस एका भट्टीपुढे उभा राहिला की जी भाषा तयार होते, ती. मिलमधून लालबुंद उतरणाऱ्या रेलला, म्हणजे रुळाला, मरोदा वस्तीतले लोक ‘नवरी’ म्हणतात, कारण तिला हात लावायचा नसतो; हे तू मला सांगितलंस तेव्हा तू किती वेळ हसत होतास. असे ढीगभर शब्द तू कॉम्प्युटरवर चढवत होतास. पण त्या तक्त्यात आपल्या ‘कोऱ्या’मधला अर्धा र नव्हता, आणि छत्तीसगढी बाया एखादा स्वर ओढून लांबवतात त्याला चिन्ह नव्हतं. आणि तिथेच, हाताशी, रिकामे खण.

मी तुला थांबवलं होतं. हे मी माझ्या मोठेपणासाठी लिहीत नाही, शंका घेणं माझं रोजचं काम आहे. मी आयुष्यभर सौदे केले. ज्या वाक्यात करणाऱ्याचं नाव नसतं, ते वाक्य कोणीतरी पळून जाण्यासाठी ठेवलेलं दार असतं. मशीन विकणारा म्हणतो, ‘दुरुस्ती करून दिली जाईल.’ मी विचारतो, कोण देईल, तू का तुझा सासरा? तसंच मी तुला म्हटलं, “वापरासाठी म्हणजे कोनाच्या वापरासाठी? तुह्या का त्यायच्या?” तू म्हणालास, तुले सगळीकडे चोरच दिसतात. पण शंका तुझ्याही मनात होती, कारण तू दोनदा समितीला पत्र लिहिलंस आणि दोन्हीचं उत्तर आलं नाही. मग हिर्लेकर भिलाईत व्याख्यानाला आला, आणि मी म्हटलं, जेवायला बोलाव आणि तोंडावर विचार.

ते जेवण मला नीट आठवतं. सेक्टरमधलं तुझं क्वार्टर, व्हरांड्यात टाकलेली सतरंजी, वहिनींनी केलेल्या सांबारवड्या. हिर्लेकरला त्या फार आवडल्या. पुण्याकडे याला कोथिंबीर वडी म्हणतात आणि ती याच्यापुढे काहीच नाही, असं तो दोनतीनदा म्हणाला. तू तक्ता पुढे ठेवलास. त्याच्या ताटाला लागू नये म्हणून बोटाने धरून ठेवलास. आणि विचारलंस की साहेब, या रिकाम्या जागा आम्ही वापरल्या तर चालतील का, की समिती पुढे त्यात काही घालणार आहे.

तो हसला. “अहो मनोहरराव, मोकळ्या ठेवल्यात त्या कशासाठी? तुमच्यासारख्यांसाठीच. भरा.”

मी लगेच म्हटलं की साहेब, हेच दोन ओळींत लिहून द्या. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसा काही मी तुझ्या ताटात थुंकलो होतो. हिर्लेकर म्हणाला, लिहून कशाला, मी समितीतच आहे ना. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, आधी जेवू द्या त्यायले. आणि विषय वड्यांवर गेला.

त्याला पोचवून आलास तेव्हा मी फाटकात उभा होतो. आपलं पहिलं भांडण तिथे झालं. मी म्हटलं, लिहून घ्यायला पाहिजे होतं. तू म्हणालास, “घरी आलेल्या मानसाकडून सही घेत असते का बे कोनी? मी काय ठेकेदार आहो?” मी ठेकेदारच आहे, तेव्हा मला ते लागलं. आठ दिवस मी तुझ्याकडे आलो नाही. नवव्या दिवशी तूच सायकलवर प्रेसला आलास, पुडीत बांधलेल्या वड्या घेऊन, आणि काही न बोलता प्रूफं वाचायला बसलास. मीही पुढची प्रूफं तुझ्यापुढे सरकवली. आपलं सगळं असंच मिटायचं, म्हणजे मिटायचं नाही.

मग तू भरलंस. किती वर्षं तू ते काम केलंस, ते माझ्या प्रेसमधल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. मरोद्याला, खुर्सीपारला, जिथे तिथे लोकांना थांबवून विचारायचास. संध्याकाळी घरी जाऊन चढवायचास. माझ्या एका भाजीवालीने तुला ‘अलकरहा’ शब्द दिला, म्हणजे विचित्र, आणि मग तुझ्याकडेच बोट दाखवून म्हणाली, ‘येही हे.’ तू तो शब्द उदाहरणासकट घातलास. मंडळाने संग्रह छापायचं ठरवलं. मी कागद बाजूला काढून ठेवला होता.

आणि मानकाची नवी आवृत्ती आली. कोऱ्या जागा समितीने स्वतःच भरल्या होत्या, दुसऱ्याच चिन्हांनी. म्हणजे ‘वापरासाठी’ याचा अर्थ ‘आमच्या वापरासाठी’. त्यांना तो अर्थ आधीपासून माहीत असेल तर त्यांनी तो लिहायला हवा होता. माहीत नसेल तर समितीत बसायला नको होतं. तिसरा मार्ग मला दिसत नाही, आणि कोणाला दिसत असेल तर त्याने मला दाखवावा. पण तुला कोणी कळवलं नाही. तुझी दोन पत्रं त्यांच्याकडे पडली होती. या माणसाने त्या जागा वापरल्या आहेत, त्याला सांगून टाकू, असं एकालाही वाटलं नाही. हिर्लेकरलाही नाही, ज्याने तुझ्या घरी जेवून भरा म्हटलं होतं.

तुला ते कळलं मंडळाच्या सभागृहात, सगळ्यांच्या देखत. रायपूरहून एका कंपनीचं नवं मशीन दाखवायला आणलं होतं. तू इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास आणि खिशात फ्लॉपी होती. प्रमुख पाहुणा हिर्लेकर. सचिव म्हणाले, आता आपल्या मनोहररावांचा संग्रह या पडद्यावर पाहू. फ्लॉपी घातली. पहिलं पान आलं आणि त्यात जिथे जिथे तुझं चिन्ह होतं, तिथे तिथे भलतंच काही बसलं होतं. ओळीच्या ओळी तुटलेल्या. मागून कोणीतरी हसलं. एक पोरगं म्हणालं, “चायनीज़ है क्या अंकल?” मग सगळेच हसले. तूही थोडं हसलास. मला ते हसणं अजून पाहवत नाही.

कंपनीचा माणूस म्हणाला, आमचं मशीन मानकाप्रमाणेच चालतं, चूक फाइलमध्ये आहे. सगळ्यांनी हिर्लेकरकडे पाहिलं. त्याला त्या वेळी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ‘आमची ओळ मोघम होती, मनोहररावांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं.’ एवढ्याने त्याचं काय जाणार होतं? नोकरी जाणार नव्हती. पेन्शन जाणार नव्हती. तो उभा राहिला, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाला, “काही लोक मानकात मनमानी करतात. त्याचा परिणाम हा असा होतो. तरुणांनी यातून शिकावं.”

मी खुर्ची मागे ढकलली. तू माझं मनगट धरलंस. तुझ्या हातात एवढा जोर आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तुला काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही. भित्रा म्हणालो, ते लिहितो. “कावून बोलला नाई तू? तो जेवला तवा मी होतो ना तिथं. वहिनी होत्या. दोन साक्षीदार होते तुह्याकडे.” तू सायकलचं कुलूप काढत होतास. म्हणालास, “माह्या घरी जेवला ना तो मानूस. ताटावर बोलला, तोंडानं बोलला. ते चारचौघात काढून त्याले खोटा पाडू? मग माह्या घरी कोन जेवायले येईन?” मी म्हटलं, असे लोक न आलेले बरे. तू म्हणालास, “तू नको बोलू किसन्या. तुले माही शपथ.”

ती शपथ मी तुझ्या जिवंतपणी पाळली आणि दर दिवशी तुझा राग केला. आजही करतो. तुझ्या घरच्या जेवणाची लाज तू राखलीस. त्याने राखली नाही. पाहुण्याला काही बंधन नसतं का, मनोहर? ताटावर बसून शब्द द्यायचा आणि पुढे त्या शब्दावर उभ्या राहिलेल्या माणसाला मनमानी म्हणायचं, हे कोणत्या घरच्या रीतीत बसतं? हा वाद आपण पुरा केला नाही. मी विषय काढला की तू नवा शब्द सांगायचास. मला शब्द नको होता. मला तू चिडायला हवा होतास, एकदा तरी.

मंडळाने छपाई पुढे ढकलली आणि मग तो विषय कोणी काढला नाही. कारखान्यात तुझ्या विभागातले लोक काही अडलं की म्हणायचे, मनोहर साहब से मत पूछो, वो अपना नियम लगाएँगे. तू हे मला हसत सांगायचास. मग तू संग्रह पहिल्यापासून दुरुस्त करायला बसलास, एकेका शब्दातून आपलं चिन्ह काढून नव्या तक्त्यातलं जे त्यातल्या त्यात जवळचं असेल ते घालत. मी म्हटलं, प्रेसमधल्या पोरांना लावू, पटकन होईल. नाही म्हणालास. भरलं मीच, उपसीनही मीच. ‘भ’पर्यंत पोचला होतास, असं वहिनी सांगतात.

शोकसभेनंतर मी स्मृति नगरला, क्वार्टर सोडल्यावर तुम्ही घेतलेल्या घरी गेलो. कपाटात पुस्तकं होती तशीच होती. मला वाटलं वहिनी म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, गेलेल्या मानसाचं काय. मी त्यांना सांगितलं की मनोहरने मला शपथ घातली आहे, आणि मला ती मोडायची आहे, पण तुमच्या परवानगीशिवाय मोडणार नाही. त्यांनी कपाटाचं दार लावलं. मग म्हणाल्या, “मी वाढून राहिली होती तवा. मले सगळं आठवते. वडी हातात होती त्याच्या, अन् म्हणे भरा. यायनं तुमाले मना केलं होतं. मी नाई करत. यायचं नाव असं कसं राहू देऊ?” आणि आत जाऊन त्यांनी चहा ठेवला.

म्हणून मी लिहिलं. मनोहर, मला तुझी शपथ मोडल्याचं वाईट वाटत नाही. तू मला काय काय दिलंस याची यादी मी करणार नाही. मला वाक्य लिहिता येतं ते तुझ्यामुळे, एवढं पुरे. त्याच वाक्यांनी आता तुझं नाव सोडवायचं आहे.

हिर्लेकर साहेब, स्मरणिकेची एक प्रत मी तुम्हाला रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे, मिळाली नाही असं म्हणता येऊ नये म्हणून. मंडळाचं सभागृह मी एका रविवारच्या संध्याकाळसाठी मागून घेईन, तारीख तुम्ही सांगा. ज्या लोकांसमोर तुम्ही मनमानी म्हणालात, त्यांना बोलावण्याचं काम माझं. तुम्ही यायचं, वहिनींच्या समोर उभं राहायचं आणि सांगायचं की त्या जागा भरा असं मनोहरला मीच म्हटलं होतं, आणि आमच्या तक्त्यातली ती ओळ आम्ही धड लिहिली नव्हती. मी माणसाशी बोलताना नेहमी काही सोडायची तयारी ठेवतो. इथे सोडायला माझ्याकडे काही नाही. तुम्हाला हे खोटं वाटत असेल, तर तेही तिथेच येऊन म्हणा, त्या बाईंच्या तोंडावर, ज्यांनी तुम्हाला वाढलं. पण घरी बसून गप्प राहू नका. माझा मित्र गप्प राहिला, कारण तुम्ही त्याचे पाहुणे होता. तुम्ही कोणासाठी गप्प आहात, याचं उत्तर द्या.